लक्ष्मीबाईंचा हौद

संघपालने हौदात बॅटरीचा उजेड टाकला आणि कपाळाला हात लावला. पुन्हा डासांच्या अळ्या! चांगल्या वळवळत होत्या.

"आजी, मागच्या आठवड्यात तर हौद रिकामा करून घासला होता ना आपण?"

"व्हय की. मीच घासला, नारळाच्या शेंडीनं." लक्ष्मीबाई रडवेल्या झाल्या. "माझ्या घरात घाण न्हाय रं बाबा. शेळगावात कुणालाबी इचार."

विचारायची गरजच नव्हती. अंगण लख्ख, भांडी लख्ख. आणि नेमका यांच्याच नातीला, छकुलीला, डेंग्यू व्हावा! पोरगी बारामतीच्या दवाखान्यातून आज घरी यायची होती. दुसऱ्यांदा झाला तर हा ताप जास्त वाईट, हे आरोग्य सेवक असलेल्या संघपालला पक्कं ठाऊक होतं. आजींना ते सांगायचा मात्र त्याला धीर होईना.

अळ्या खाऊन फस्त करतात म्हणून त्यानेच पावसाळ्याच्या तोंडाला हौदात गप्पी मासे सोडले होते. ते मेले म्हणावं, तर तळाशी गुबगुबीत होऊन खुशाल फिरत होते. मग अळ्या उरतात कशा?

त्याची नजर कुंपणापलीकडे गेली. शेजारच्या विजयसिंहांच्या ट्रॅक्टरचे जुने टायर पावसाचं पाणी पोटात घेऊन पडले होते. सापडला चोर!

"विजयसिंहराव, तुमच्या टायरांपायी पोरगी हातची जायची होती!" कधी आवाज न चढवणारा संघपाल ओरडला. "इतके डास झाल्यावर बिचारे मासे तरी किती अळ्या खाणार?"

ज्यांच्यापुढे गावात कुणी ब्र काढत नसे, त्या विजयसिंहांचं तोंड एवढंसं झालं. "चुकलं बाबा. छकुली मला काय परकी हाय व्हय?" म्हणत त्यांनी स्वतः टायरांतलं पाणी ओतून दिलं, टायर ट्रॉलीत टाकले आणि भंगारात घालायला निघाले.

मासे बादलीत काढून संघपालने हौद पुन्हा घासला, थोडं ताजं पाणी भरलं, मासे परत सोडले. हायसं वाटलं त्याला. आता येऊ दे पोरीला खुशाल.

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून छकुलीचा चिवचिवाट अंगणभर ऐकू आला. "आजी, आमी गाडीत बसलो! माझं मासं कसं हायत?"

लक्ष्मीबाईंचा चेहरा फुलला. टोपल्यातली भाकरी घेऊन त्या लगबगीने हौदापाशी गेल्या.

"मजेत हायत बाई. तू सांगितल्यापास्नं एक दिस उपाशी ठेवलं न्हाय. दोन्ही टायमाला पोटभर भाकरी कुस्करून घालती. त्या घाणेरड्या अळ्यांना आता तोंडबी लावत न्हाईत!"