बारीक टाइपातली ओळ

औषधांच्या खोक्यातली माहितीपत्रकं तपासणं हे माझं काम. काना, मात्रा, स्वल्पविराम बघायचे. मजकुराशी आपलं काय देणंघेणं! आज अर्धशिशी उठली. सकाळी दोन गोळ्या घेऊनही कपाळ ठणकत होतं, त्यात साहेबांचं दर दहा मिनिटांनी "झालं का?" शेजारच्या टेबलावरच्या ताईंनी पर्समधून स्ट्रिप काढली. "घे गं, तापाची साधी गोळी आहे." मी ती तोंडाशी नेली, तेवढ्यात समोरच्या पत्रकावर नजर अडकली. माझ्याच अर्धशिशीच्या गोळीचं पत्रक: 'यात पॅरासिटामॉल आहे. पॅरासिटामॉल असलेले दुसरे औषध सोबत घेऊ नये.' ताईंच्या स्ट्रिपवरही तेच नाव. सात वर्षं हे पत्रक तपासतेय, वाचलं आज! गोळी परत दिली, त्या ओळीभोवती लाल गोल काढला. "साहेब, ही ठळक करा." "का? चूक कुठाय?" "वाचून दाखवा ना!" साहेब चष्मा शोधायला लागले.