निळा सैनिक

टीव्हीवरचा निळा सैनिक दहाव्या मिनिटालाच मेला.

"अरे, हे काय!" देवश्री म्हणाली. "गेममध्ये तर दोघंही शेवटपर्यंत जातात."

"सिनेमा आहे बाई हा," अनिश म्हणाला. "भाऊ मेल्याशिवाय हीरो पेटणार कसा?"

सीडी त्यानेच मागवली होती. लहानपणी महाडच्या याच खोलीत दोघं तो व्हिडिओ गेम खेळत. निळा सैनिक दादाचा, तांबडा तिचा. तिचे जीव भराभर संपायचे. मग एक बटण दाबलं, की त्याच्या शिल्लक जिवांतला एक तिला मिळायचा. ती कधी विचारायची नाही. "निदान सांगून तरी घे, चोरटे!" तो ओरडायचा, आणि खेळत राहायचा.

आता त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा वीर स्टेशनवरून गाडी धरून तो डायलिसिसला पनवेलला जायचा. आईची किडनी जुळली नव्हती. देवश्रीची जुळली होती. त्यालाही महिना होऊन गेला. अडलं होतं ते संमतीच्या कागदापाशी. त्यावर तिच्याबरोबर तिच्या नवऱ्याचीही सही लागत होती.

आईने चहा आणला. तिला कपभर, त्याला मोजून चार घोट.

पडद्यावर तांबडा सैनिक एकटाच डोंगर चढत होता. ते बटण कुठेतरी येईल म्हणून देवश्री बघत राहिली. ते आलं नाही. तांबड्याने सूड घेतला, भावाच्या थडग्यावर फुलं ठेवली, आणि सिनेमा संपला.

"सोपं करून टाकलंय," अनिश म्हणाला. "कुणी कुणाकडे काही मागायलाच नको."

ती कपाकडे बघत होती.

"जितेशराव नाही म्हणाले ना?" त्याने हळूच विचारलं. "अगं, सांगायला घाबरतेस काय! मूल लहान आहे तुमचं. त्यांचंही बरोबर आहे. त्यांच्याशी भांडू नकोस."

"परक्याला कुठली माया!" आई दारातून म्हणाली.

देवश्री उठली. साडेपाचची पोलादपूर एसटी गाठायची होती. तिने पर्स काखेत घट्ट धरली. आतल्या कागदावर जितेशने मागच्या सोमवारीच सही केली होती. कोरी होती ती तिच्या नावापुढची जागा.