काचेवरचं नाव

"रानडुक्कर आडवं आलं," अंगद म्हणाला.

आश्रुबा महाराजांनी जीपच्या तडकलेल्या काचेवरून अंगठा फिरवला. तडे मधून फुटून चारी कडांना गेले होते आणि मधल्या फटीत काळ्या केसांची बट अडकली होती.

अंगदनं सीटखालची टॉमी, चाक खोलायची लोखंडी पहार, हळूच पुढं ओढली. म्हातारं वेडंवाकडं बोललं की टाळक्यात घालायची, हे आवारात शिरतानाच ठरलं होतं. तेलगावबाहेरचं हे महाराजांचं भंगाराचं आवार, भोवती डोक्याइतका उंच ऊस. माणूस आडवा केला तरी हाक ऐकायला कुणी नव्हतं.

"डुकराचे केस राठ असतात बाबा," आश्रुबा म्हणाले.

अंगदची लोखंडावरची मूठ आवळली.

"पण असतंय एखादं मऊ केसाचं. देवाच्या घरी कशाचा तोटा." त्यांनी बादली ओढली आणि काच, बॉनेट, गार्ड, सगळं आपल्या हातानं धुऊन काढलं. गळ्यातली तुळशीची माळ पुढं लोंबत होती. ओठांवर कुठल्याशा अभंगाची चाल होती.

अंगदनं टॉमी सोडली. कीर्तन करून करून येडं झालंय म्हातारं, त्याच्या मनात आलं.

काल दिवस मावळता पाटोद्याकडून येताना मोटारसायकलवाला समोरून आला होता. उडाला तो थेट काचेवर. तोंड काचेला दाबलेलं, डोळे उघडे. मग खाली घसरला. अंगद पळालाच असता, पण आरशात पाहिलं तर गडी कोपरावर उठत होता, नंबरकडं बघत होता. अंगदनं जीप मागं घेतली. चाकाखाली काही तरी मोडल्याचा आवाज आला. मग पुन्हा पुढं घेतली.

आता फक्त काच बदलायची आणि जिल्ह्याबाहेर पडायचं.

"नवी नको," तो म्हणाला. "गाडीच तिसऱ्या हाताची हाय. जुनी, स्वस्तातली बघा."

"तुझं नशीब. माझ्याच जीपची हाय, ओरखडासुदिक न्हाई." महाराजांनी गोधडीत गुंडाळलेली काच बाहेर काढली. कोपऱ्यात त्यांची जीप बिनकाचेची उभी होती, अंगदच्या जीपसारखीच पांढरी. काचेच्या माथ्यावर हिरव्या रंगात 'योगेश्वरी प्रसन्न' आणि दोन्ही बाजूंना हातानं काढलेली कमळं.

"जीप तर बरी दिसायली. काहून मोडीत काढता?"

"मन उडालं. गावोगाव कीर्तनाला जायला म्हणून जुनीच घेतलती. लाभली न्हाई." ते रबर खेचून काढू लागले. "परवा घाटनांदूरच्या पुढं एका लेकराच्या दहाव्याला प्रवचनाला गेलतो, तर एसटीनंच गेलो. आईनं माझ्या पायावर डोकं ठेवलं. म्हणली, महाराज, माझं लेकरू कुठं असंल आता? काय सांगावं माणसानं?"

त्यांचे डोळे भरून आले. अंगदनं जांभई दिली.

"ते नाव खरवडा की. ब्लेड हाय?"

महाराजांचा हात थांबला. "देवीच्या नावाला ब्लेड लावायचं असंल तर काच मिळायची न्हाई."

अंगदनं वाद घातला नाही. आपल्याकडं जुनी गाडी घेणारा रंग बदलतो, हॉर्न बदलतो, पण काचेवरचं देवाचं नाव खरवडायला कुणाचा हात धजत नाही. त्याच्या स्वतःच्या फुटक्या काचेवरही असंच आधीच्या मालकाचं खंडोबाचं नाव होतं.

खाचेत साबणाचं पाणी सोडून, रबरात दोरी भरून, आतून ओढत ओढत महाराजांनी काच बसवली. फुटकी काच पोत्यात घालून घणानं तिचा चुरा केला.

"रबराचे पैसे तेवढे दे. काचेचं काही नको. कुठं निघालास?"

"अहमदपूरला, बहिणीकडं."

"मग लातूरचा रस्ता धरू नको. तिथं पोलीस गाड्या तपासायलेत. घाटनांदूरवरून जा."

अंगद मनात हसला. म्हाताऱ्यानं न मागता वाटही दाखवली. जीप हलताना महाराजांनी काचेवरच्या नावाला हात जोडले. "माय, पदरात घे," ते पुटपुटले.

उन्हं कलली तेव्हा घाटनांदूर मागं पडलं होतं. पुढं एका वस्तीजवळ रस्त्यावर बैलगाडी आडवी लावलेली होती. ब्रेक दाबला तोवर मागं ट्रॅक्टर येऊन उभा राहिला. अंगदनं टॉमी उचलली, पण दार उघडताच मनगटावर काठी बसली. हाड वाजलं. पाच-सहा हातांनी त्याला डांबरावर ओढलं.

एक म्हातारी गर्दीतून पुढं आली. "छबुबाईला बघू द्या, तिनंच पाहिलती गाडी," कुणी तरी म्हणालं. तिनं अंगदकडं पाहिलंच नाही. तिचं बोट काचेवरच्या अक्षरांवरून सरकत उजव्या कमळावर थांबलं.

"एक पाकळी कमी," ती म्हणाली. "हीच. माझ्या नातवाला, सोमेश्वरला बांधावर चिरडलं ते हिनंच."

"मी हिकडं कधी आलोच न्हाई!" अंगद ओरडला. तोंडावर लाथ बसली, दात ओठातून बाहेर आला. "काच माझी न्हाई... आश्रुबा महाराजांची हाय. त्यांच्या जीपची!"

काठ्या थांबल्या. सोमेश्वरचा चुलता, भगवानराव, कुऱ्हाड घेऊन जवळ आला आणि त्याच्या छातीवर पाय देऊन उभा राहिला.

"देवमाणसाचं नाव घेतोस बे? आमच्या लेकराच्या दहाव्याला ढसाढसा रडलेत ते. म्हणले, भंगारात गाड्या येतात माझ्याकडं, ही काच दिसली की कळवतो." त्यानं कुऱ्हाड वर नेली. "दुपारीच फोन आला त्यांचा."