हलका हात

“मार जोरात! मांडवातल्या शेवटच्या खुर्चीपर्यंत गेलं पायजे!”

माधुरी सात वर्षांची असताना एका हळदीत बाबांनी बेंजो तिच्या मांडीवर ठेवला होता आणि ढोलकीच्या वर आवाज चढवून हे तिच्या कानात ओरडले होते. त्याला पंधरा वर्षं झाली. आवाज मात्र कुठे गेला नाही, कानातून उतरून तिच्या मनगटात जाऊन बसला. कामोठ्याच्या गिटार क्लासमधले धनेश सर तीन वर्षं तो तिथून काढायला बघत होते. “तारेवर राग काढू नकोस गं. मनगट सैल सोड. आणि डाव्या बोटानं एवढं दाबतेस कशाला, ती काय पळून चाललीय?” बोटांची टोकं सोलली, पुन्हा कातडी धरली, पुन्हा सोलली. मग या वर्षी होळीच्या सुमारास कधीतरी खडखड गेली आणि तार मोकळी, गोल वाजायला लागली. सर खिडकीकडे बघत ऐकत उभे राहिले.

नेमकं तेव्हापासून बाबांचं एकच पालुपद. “जोर नाय.”

रविवारी क्लासचा कार्यक्रम होता. हळदीत बायका गातात त्या गाण्यांतला एक धवला तिनं गिटारवर बसवला होता. पनवेलच्या कोळीवाड्यात अनंता बेंजोवाल्याची मुलगी म्हणून तिला सगळे ओळखत. तिनं ठरवून टाकलं होतं, बाबा चांगलं म्हणाले तरच स्टेजवर जायचं, नाहीतर नाव काढून घ्यायचं.

सकाळी दहाला ती त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसली. बाबा खाटेवर होते. बेंजो वर माळ्यावर, जुन्या लुगड्यात गुंडाळलेला. मनगट दुखतं म्हणून दोन वर्षांपूर्वी त्यांनी हळदीत वाजवणारी बेंजो पार्टी सोडली, तेव्हापासून तो तिथंच.

“कुनाकडून शाबासकी मागतंस?” आतून आई म्हणाली. ती सुक्या कोळंबीचे सोडे निवडत होती. “तीस वर्सं माज्या हातचं खातान, कधी एका शब्दानं बरं नाय बोललं. आन कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या तरी राजे खाटेवरनं उठत नाय!”

बाबांनी तिकडे लक्ष दिलं नाही. ते माधुरीच्या बोटांकडे बघत होते. नेहमीच बघत. तिचं बोट कुठं पडतं, हात कधी खाली येतो, त्या हिशोबानं मान हलवत.

“आज बोटांकडे नाही बघायचं, बाबा,” ती जवळ वाकून म्हणाली. “डोळे मिटून ऐका. सर म्हणतात, टोन डोळे मिटल्यावरच कळतो.”

“डोले मिटून काय? झोप लागल मना.”

“मिटा ना. माझ्यासाठी.”

बाबांचा चेहरा जरा कसनुसा झाला. मग त्यांनी डोळे मिटले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

माधुरीनं तार छेडली. धवला संथ होता. नवरीला न्हाऊ घालतानाचा, तिच्या अंगावर पहिलं पाणी पडतं तेव्हाचा. मनगट सैल होतं. एक सूर विरत असताना दुसरा त्याच्या पोटातून निघत होता, कुठं घासत नव्हता, कुठं तुटत नव्हता. इतकं नितळ आपण कधीच वाजवलं नव्हतं, हे तिला वाजवता वाजवताच कळलं. शेवटच्या सुरावर तिनं बोट तसंच धरून ठेवलं, तो पुरता विझेपर्यंत.

आई दारात येऊन उभी होती. हातातला सोडा तिनं पदरात टाकला आणि ओठ घट्ट मिटले.

बाबा बसले होते तसेच बसले होते. डोळे मिटलेले, हनुवटी थोडी पुढे. पंगतीत वाढप्याची वाट बघणाऱ्या माणसासारखे.

माधुरी थांबली. शाबासकीला वेळ लागतो, तिला वाटलं.

“चालू कर गो बाय,” बाबा म्हणाले. “किती वेल लावतंस?”

माधुरीनं आईकडे बघितलं.

“बाबा,” ती हळूच म्हणाली. त्यांनी मान वळवली नाही. तिनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांनी डोळे उघडले. तिचा उजवा हात गिटारवरून खाली आलेला, दारात आई रडवेली. बाबांनी एकदा हिच्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि त्यांना समजलं.

“झाला काय वाजवून?”

तिनं मान हलवली.

त्यांनी आपल्या पंजाकडे बघितलं. तीस वर्षं हळदी वाजवल्या. बसायच्या जागेमागे, डोक्याला लागेल इतक्या जवळ, भोंगा बांधलेला असायचा.

“मनगट नाय दुखत माजा,” ते म्हणाले. “उरनच्या एका हळदीत ढोलकी कवा थांबली, मना समजलाच नाय. सगली गप, आन मी एकटाच वाजवतोय. पोरां हसली. दुसऱ्या दिवशी बेंजो बांधून ठेवला.”

“मग घरी मला का नाही सांगितलं?” माधुरीचा आवाज चढला. तो त्यांच्यापर्यंत पोचावा म्हणून चढला, की दुसऱ्या कशानं, तिचं तिलाच कळलं नाही.

“कशाला सांगू? तुजी गिटार यायची ना ऐकाला. खरखर करायची, पत्र्यावर नख वडल्यासारी. तुजी आई वैतागायची. मना बरा वाटायचा. म्हटला, पोर वाजवते आन मी ऐकतोय, मंग कान गेला असा कशाला बोलायचा?”

त्यांनी तिचा डावा हात ओढून घेतला आणि बोटांच्या निबर टोकांवरून अंगठा फिरवला, एकेका बोटावरून, सावकाश.

“मंग तुजा हात सुधारला,” ते म्हणाले. “जशी जशी चांगली वाजवाला लागलीस, तशी तशी तू मना ऐकू यायची बंद झालीस.”