डावा हात पाठीमागे

दूरदूरच्या हौशी लोकांशी बोलायचा रामदासांचा जुना हॅम रेडिओ टेबलावर उघडा पडला होता. पक्षाघातानंतर त्यांची बोटं थरथरत, त्यामुळे जुनी चकती फिरवताना दूरवरून बोलणाऱ्याचा आवाज हातून निसटून जाई. म्हणून मुलीने, शर्मिलाने, बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून डिजिटल ट्यूनिंगचा हलका नॉब आणला होता. पण तो बसवायला आत हात घालायचा, याची तिला भीती वाटत होती. "प्लग काढलाय ना, बाबा?" "प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये आठशे व्होल्ट दबा धरून बसलेले असतात. आधी ते उतरव. डावा हात पाठीमागे ठेव, म्हणजे करंट छातीतून जाणार नाही. नाहीतर आण इकडे, मी करतो." त्यांच्या बोटांकडे पाहून ती आणखीनच घाबरली. "नको, मीच करते." रेडिओच्या पत्र्याला जोडलेल्या वायरचं दुसरं टोक लाकडी दांडीला बांधलेलं होतं. तळहाताचा घाम ओढणीला पुसून, डावा हात पाठीमागे घेऊन तिने दांडी आत सरकवली. टोक कपॅसिटरला टेकताच फटाक्यासारखा आवाज झाला, निळी ठिणगी उडाली, आणि ती किंचाळून मागे सरली. "शर्मिला!" रामदास खुर्चीतून अर्धवट उठले होते, ओठ पांढरेफटक पडले होते. "काही नाही झालं, बाबा. उतरला करंट." ते मटकन खाली बसले. मग म्हणाले, "मी आयुष्यभर हे एकटाच करत आलो. तुझी आई हातातलं काम टाकून दाराशी येऊन का उभी राहायची, ते आज कळलं."