फलकावरची गाय

पूरग्रस्तांच्या नावानं मदत मागत मी देवणीत शिरलो. हातातल्या फलकावरचा गायीचा फोटो मोबाईलवर सापडला होता. त्याखाली ‘नायगावच्या पुरात वाहून गेली’ हे माझ्या मनचं. पहिल्याच घरातल्या म्हातारीनं फलक उन्हात धरला. “कितव्या वेताची होती?” “तिसऱ्या,” मी ठोकून दिलं. तिनं गायीच्या काळ्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं. “आन् धर्मादाय कचेरीची परवानगी?” “माणुसकीला परवानगी कशाला, आजी?” “इथं जनावर इकायलाबी दाखला लागतो. मेलेल्या जनावराच्या नावानं मागायला लागत न्हाई व्हय?” मी हसून डबा पुढं केला. दारातल्या नातीशी काही कुजबुजून ती आत वळली. वाटलं, नोट आणायला. तिनं गोठ्याचं दार उघडलं. तेच ठिपके, तेच वाकडं शिंग. गाय निवांत रवंथ करत होती. “चौथ्या वेताची हाय. नातीनं फौजदाराला फोन लावलाय. तो येऊस्तोर ही कशी वाहून गेली, तिलाच सांग.”