कूट

बाहेरच्या खोलीतून पुन्हा हसण्याचा आवाज आला आणि अबोलीनं मिक्सर लावला.

खरं तर दाण्याचं कूट डबा भरून होतं. त्या आठवड्यात वांग्यात कूट, काकडीत कूट, भेंडीतसुद्धा कूट चाललं होतं. पण मिक्सरच्या घरघरीत त्या दोघांचं बोलणं बुडायचं, तेवढंच तिच्या जिवाला बरं वाटायचं.

"गेला! परत गेला!" तिचा नवरा शौनक ओरडला. "काय कूट आहे, सुटतच नाही!"

त्याच्या लाडक्या कॉम्प्युटरला कसलं दुखणं जडलं होतं कोण जाणे. चालता चालता पडदा काळा व्हायचा आणि स्वारी पुन्हा पहिल्यापासून सुरू. त्यात त्यावर विंडोजऐवजी लिनक्स, आणि ते कळणारी अख्ख्या विश्रामबागेत एकच, तो शिकवायचा त्याच कॉलेजातली वल्लरी. ती रोज संध्याकाळी यायची. खुर्चीला खुर्ची लावून दोघं बसायची, अबोलीनं चहा नेला तरी मान वर व्हायची नाही. अबोली जळत होती, आणि जळतेय हे तिला चांगलं ठाऊक होतं. या पोरीचं येणं थांबलं पाहिजे, बस्स.

"लिनक्स स्वतः कोलमडला असता तर जाताना काहीतरी नोंद टाकून गेला असता, सर," बाहेर वल्लरी म्हणत होती. "इथं सगळं मध्येच तुटलंय. हा लाइटचा घोटाळा आहे. आत्ता ट्यूबपण लुकलुकली बघा."

मग ती उठून स्वयंपाकघराच्या दारात आली.

"वहिनी, तो मिक्सर बंद करून परत लावता का जरा?"

अबोलीनं लावला.

"गेला!" बाहेरून शौनक.

"सापडलं! वायरिंग जुनं आहे, सर," वल्लरी तिथूनच म्हणाली. "मिक्सर सुरू झाला की लाइटचा दाब क्षणभर खाली येतो, कॉम्प्युटरला तेवढंही सोसत नाही. वायरमनला बोलवा, माझं काम संपलं."

अबोलीचा जीव भांड्यात पडला. गरज सरो, वैद्य मरो! तिनं आनंदानं डब्याचं झाकण लावलं, चहालाही विचारलं.

वल्लरी डब्याकडं बघून हसली.

"म्हणजे एवढे दिवस मला तुम्हीच बोलावत होता की, वहिनी!"